बादली मोजणारे डॉक्टर: ढाका, 1968

कॉलऱ्याच्या वॉर्डातली खाट वेगळी असते. कॅनव्हासची, मधोमध भोक पाडलेली. भोकाखाली बादली ठेवतात. रुग्ण उठून कुठे जाऊ शकत नाही आणि त्याने जाऊही नये, म्हणून ही सोय. पण तिचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे. शरीरातून किती पाणी गेलं ते बादलीत दिसतं आणि मोजता येतं. पुढच्या काही तासांत रुग्णाला किती पाणी परत द्यायचं, हे त्या आकड्यावरून ठरतं.

परदेशात संशोधनासाठी जाऊ इच्छिणाऱ्या सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांपुढे मी हे प्रकरण ठेवतो आणि सुरुवात या बादलीपासूनच करतो. शिष्यवृत्त्यांची यादी कुठेही मिळते. मिळालेल्या संधीतून काही उभं का राहतं आणि बहुतेक वेळा का राहत नाही, हे यादीत सापडत नाही.

प्रकरण असं. 1967 साली डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश हे दोन अमेरिकन डॉक्टर ढाक्याला पोचले. दोघांचा जन्म 1941 चा, म्हणजे वय जेमतेम पंचविशी ओलांडलेलं. ढाका तेव्हा पूर्व पाकिस्तानात होतं. ऑगस्ट 1968 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा एक छोटा लेख आला. कॉलऱ्याच्या प्रौढ रुग्णांना ग्लुकोज आणि क्षारांचं द्रावण तोंडावाटे दिलं, तर सलाइनची गरज सुमारे 80 टक्क्यांनी कमी होते, असा त्याचा निष्कर्ष होता. रुग्ण फक्त 29. आपण आज जिला जलसंजीवनी म्हणतो तिच्या इतिहासात हा लेख मैलाचा दगड मानला जातो.

हे दोघे तिथे पोचले कसे? ध्येयाने झपाटून गेले असं सांगायला आवडलं असतं, पण कारण होतं व्हिएतनाम. त्या काळात अमेरिकेत तरुण डॉक्टरांनाही सक्तीची लष्करी सेवा होती. तिच्याऐवजी सरकारी सार्वजनिक आरोग्य सेवेत दोन वर्षं काढली तरी चालत असे. असा पर्याय घेणाऱ्यांना पुढे ‘पिवळ्या टोपीवाले’ असं चिडवलं जाई. लष्करातल्या हिरव्या टोपीवाल्यांवरून पडलेलं हे नाव, आणि पिवळा हा इंग्रजीत भित्र्याचा रंग. या पिवळ्या टोपीवाल्यांतून पुढे अमेरिकेच्या वैद्यकीय संशोधनातली कितीतरी मोठी नावं निघाली.

प्रयोगशाळा तरी कुठे निर्मळ हेतूने उभी राहिली होती? 1960 च्या डिसेंबरमध्ये ढाक्यात सुरू झालेल्या या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेच्या नावातच ‘सिएटो’ हा शब्द होता. सिएटो म्हणजे आग्नेय आशियातला साम्यवादविरोधी लष्करी करार. पैसा मुख्यतः अमेरिकेचा, आणि कॉलऱ्यात रस असण्याचं एक कारण म्हणजे या भागात सैन्य ठेवावं लागलं तर ते कशाने आजारी पडेल याची चिंता. हे ऐकल्यावर वर्गात कुणीतरी हमखास नाक मुरडतं. मी म्हणतो, मुरडा, पण मग तुमच्या हातातल्या फेलोशिपचा पैसा कुठून आणि कशासाठी येतो तेही शोधून काढा. संशोधनाच्या पैशाला देणाऱ्याचा काहीतरी हेतू असतोच. तो हेतू आणि रुग्णाची गरज एकमेकांना कुठे छेदतात, तिथे उभं राहता आलं की काम होतं. ढाक्यात ती जागा होती.

नॅलिन आणि कॅश गेले तेव्हा तिथे आधीपासून काय होतं, हा माझ्या मते या प्रकरणाचा गाभा. सांगताना लोक तो गाळतात, कारण दोन तरुणांची गोष्ट सांगायला सोपी असते.

पहिलं म्हणजे रुग्णालय होतं आणि त्यात रुग्ण होते. ढाक्यात कॉलरा वर्षातून दोनदा उसळतो, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा पावसाळा सरल्यावर. दरवर्षी येणाऱ्या या लाटांसाठी खाटा, सलाइन, प्रयोगशाळा आणि रात्रपाळीचे कर्मचारी तयार होते. 1963 पासून मतलब या नदीकाठच्या ग्रामीण भागात एक क्षेत्रकेंद्र चालू होतं आणि 1966 पासून तिथल्या गावांमधल्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची नियमित नोंद सुरू झाली होती. ही नोंद आजही चालू आहे. जगभरच्या कितीतरी पीएचड्या या एका नोंदवहीवर झाल्या आहेत.

दुसरं, शरीरविज्ञान तयार होतं. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांच्या सोबतीने आत शोषले जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये प्राग इथे मांडली होती. नॉर्बर्ट हर्शहॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढाक्यातच मोजक्या रुग्णांवर काळजीपूर्वक काम करून दाखवलं होतं की कॉलरा झालेलं आतडंही ग्लुकोज दिल्यास पाणी आणि मीठ शोषून घेतं. म्हणजे आतडं निकामी झालेलं नसतं.

तिसरं होतं अपयश, आणि ते तर दोन वेळचं. प्रयोगशाळेचे संचालक रॉबर्ट फिलिप्स हे अमेरिकन नौदलातले अनुभवी कॉलरातज्ज्ञ. त्यांनी 1962 मध्ये फिलिपिन्समध्ये तोंडावाटे द्रावण देऊन पाहिलं होतं आणि त्यात पाच रुग्ण दगावले. ग्लुकोजचा परिणाम त्यांना दिसला होता, पण ते मृत्यूही त्यांच्या डोळ्यांसमोर होते. त्यानंतर या उपचाराबद्दल ते कमालीचे सावध झाले. दुसरा प्रयत्न 1967 मध्ये चितगावकडच्या साथीत झाला. तोही फसला.

त्या फसलेल्या प्रयत्नाचे आकडे नॅलिन यांनी नीट पाहिले. द्रावणात चूक नव्हती. रुग्णाच्या शरीरातून जेवढं जात होतं तेवढं परत दिलंच जात नव्हतं. कॉलऱ्याच्या रुग्णाचं पाणी लिटरच्या हिशेबाने जातं. ठरावीक पेले पाजले की झालं, अशा पद्धतीने ती तूट भरत नाही. म्हणून नवीन चाचणीचा नियम साधा ठेवला: बादलीत जेवढं मोजलं तेवढं द्यायचं, आणि दर काही तासांनी पुन्हा मोजायचं.

हे वाचून ‘एवढंच?’ असं वाटतं. एवढंच होतं. मात्र हा हिशेब मांडायला कुणाकडे तरी फसलेल्या प्रयोगाचे आकडे जपून ठेवलेले असायला हवे होते, आणि ते नव्याने आलेल्या, अधिकाराने धाकट्या माणसाच्या हाती पडायला हवे होते. बऱ्याच संस्थांत अपयशाची फाइल पाहुण्याला दाखवत नाहीत. त्याला नवा विषय देतात, नवी प्रश्नावली देतात. परदेशी पाठवणारी कुठलीही योजना निवडताना विद्यार्थ्याने यजमान संस्थेला विचारावा असा पहिला प्रश्न माझ्या मते हाच: तुमचं काय फसलं, आणि त्याची नोंद मला बघता येईल का? उत्तर द्यायला यजमान किती वेळ घेतात, यावरूनही बरंच कळतं.

1968 च्या वसंतातल्या लाटेत चाचणी झाली. शॉकमध्ये आलेल्या प्रत्येक रुग्णाला आधी शिरेतून सलाइन देऊन सावरलं. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण यामुळे कुणालाही प्रस्थापित उपचारापासून वंचित ठेवलं गेलं नाही. मग काहींना द्रावण नाकातल्या नळीतून किंवा पेल्याने दिलं, काहींना सलाइनच चालू ठेवली. नियम काटेकोर पाळला जातोय ना, हे बघायला दोघे आळीपाळीने वॉर्डात थांबत. रात्रीही. फिलिप्स यांच्या प्रयोगातले मृत्यू टळले असते की नाही कोण जाणे, पण या खेपेला मोजण्याचं काम कुणा तिसऱ्यावर सोपवलेलं नव्हतं.

कॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हाच उपचार ग्रामीण केंद्रात करून पाहिला. तो लेख 1970 मध्ये आला. शहरातल्या सुसज्ज वॉर्डात जमलेली गोष्ट नदीकाठच्या केंद्रात जमते का, हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न. पहिला लेख मोठ्या नियतकालिकात छापून आल्यावर परतीचं तिकीट काढण्याचा मोह कुणालाही झाला असता. त्यांच्या हाती अजून वेळ होता.

वेळ हा मुद्दा मी मुद्दाम ताणतो. आजच्या बहुतेक विद्यार्थी योजना सहा ते दहा आठवड्यांच्या असतात, कारण त्या विद्यापीठाच्या उन्हाळी सुट्टीत बसवायच्या असतात. ढाक्यातला कॉलरा विद्यापीठाचं वेळापत्रक पाळत नाही. जूनच्या मध्यावर उतरलेला विद्यार्थी दोन लाटांच्या मधल्या शांततेत जाऊन परत येईल आणि पोस्टर मात्र कॉलऱ्यावर करेल. भाषा, वॉर्डाची शिस्त, कुणाला विचारलं की काम होतं, एवढं समजायलाच दीड-दोन महिने लागतात. यजमानांचा वेळ जातो तो वेगळाच. 2010 मध्ये जागतिक आरोग्य प्रशिक्षणाच्या नैतिकतेवर जी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांनी यजमान संस्थेवर पडणारा भार आणि त्याची भरपाई हा विषय स्पष्टपणे काढला, ते बरंच झालं. अमेरिकेच्या फोगार्टी केंद्राच्या फेलोशिपने साधारण वर्षभराचा मुक्काम ठेवला आणि अमेरिकन उमेदवारांसोबत यजमान देशांतल्या उमेदवारांनाही जागा दिल्या. या रचनेमागचं शहाणपण ढाक्याच्या प्रकरणातून चांगलं उमगतं.

आता नावांकडे येऊ. 1968 च्या लेखावर पाच नावं आहेत: नॅलिन, कॅश, रफीकुल इस्लाम, माजिद मोल्ला आणि फिलिप्स. तिसरं आणि चौथं नाव तिथल्याच डॉक्टरांचं. त्या काळाच्या मानाने ही गोष्ट लहान नाही, कारण परदेशी संशोधनात स्थानिक डॉक्टरांची बोळवण अनेकदा आभाराच्या एका ओळीत होत असे. पण पुढे काय झालं बघा. 2006 चा थायलंडचा प्रिन्स महिडोल पुरस्कार या कामाला मिळाला, तेव्हा मानकरी चार होते: शरीरवैज्ञानिक स्टॅनली शुल्ट्झ, नॅलिन, कॅश आणि कलकत्त्याचे दिलीप महालनोबिस. लेखावरची तिसरी-चौथी नावं पुरस्कारापर्यंत पोचली नाहीत. बांगलादेशात रफीकुल इस्लाम यांचं नाव या उपचाराशी आदराने जोडलं जातं. बाहेर ते फारसं कुणाला माहीत नाही.

इथे मी वर्गाला थांबवतो आणि लेखकत्वाचे आजचे चार निकष फळ्यावर लिहितो. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ठरवलेले हे निकष असे: कामात ठोस वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम प्रतीला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. चारही लागतात. मग विचारतो, परक्या भाषेत मसुदा लिहायला ज्याला बोलावलंच नाही तो दुसरा निकष पूर्ण कसा करणार? निकष न्याय्य दिसतात, पण दार कुणासाठी उघडलं होतं ते निकषात लिहिलेलं नसतं. म्हणून लेखकांची यादी आणि क्रम यांबद्दलचं बोलणं विमानाचं तिकीट काढण्याआधी व्हावं, कागदावर व्हावं, आणि हा विषय काढण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची नसून मार्गदर्शक प्राध्यापकाची. प्राध्यापकांना हे अवघड जातं, मलाही गेलंय. यजमान सहसा संकोचाने ‘नंतर बघू’ म्हणतात. त्या ‘नंतर’मध्येच नावं हरवतात.

हेच प्रकरण नदीच्या अलीकडून पाहिलं तर वेगळं दिसतं. कलकत्त्यात हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी 1953 मध्येच तोंडावाटे द्रावण देऊन कॉलऱ्याचे 186 रुग्ण हाताळल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. त्यात तुलनेसाठी गट नव्हता, शोषणाचा सिद्धांतही तेव्हा मांडलेला नव्हता, आणि कुणी पाठपुरावा केला नाही. चटर्जींमागे ढाक्यासारखी प्रयोगशाळा असती तर? इतिहासात असले प्रश्न विचारू नयेत म्हणतात, पण संधीचा अभ्यास करताना ते विचारावेच लागतात. एकाच नियतकालिकात 15 वर्षांच्या अंतराने दोन लेख आले आणि एकाचीच गोष्ट पुढे सरकली.

1960 च्या अमेरिकन कायद्यातून आलेल्या पैशावर कलकत्त्यातही जॉन्स हॉपकिन्सचं एक संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र चालत होतं. ढाक्याच्या सुमारासच नथॅनियल पियर्स आणि त्यांचे सहकारी तिथे तोंडावाटे उपचारावर काम करत होते. याच केंद्रात दिलीप महालनोबिस होते. कलकत्त्यात शिकून ते ब्रिटनमध्ये बालरोगाचं पुढचं शिक्षण घ्यायला गेले आणि परत आले. परदेशी शिक्षणाची संधी म्हटली की आपल्याला फक्त जाणं दिसतं. या प्रकरणातला सगळ्यात मोठा परिणाम एका परत आलेल्या माणसाच्या हातून झाला.

1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धातून लाखो निर्वासित सीमेपलीकडून आले. सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात कॉलऱ्याचे रुग्ण जमिनीवर पडले होते आणि सलाइन संपत आली होती. महालनोबिस यांनी 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खायचा सोडा यांच्या पुड्या बांधायला लावल्या. एक पुडी, एक लिटर पाणी. द्रावण पाजायचं काम रुग्णाच्या आईबापांवर, भावाबहिणींवर सोपवलं. तिथे कोण बादली मोजणार? रुग्णाला तहान आहे तोवर पाजत राहा, हाच नियम. सुमारे 3700 रुग्णांत मृत्यूचं प्रमाण 3.6 टक्के राहिलं. आधी ते 30 टक्क्यांच्या आसपास होतं.

लक्षात घ्या, ढाक्यात काटेकोर मोजमापाने सिद्ध झालेली गोष्ट बनगावला मोजमाप सोडून वापरली गेली. ते सोडायचं धाडस करायला तो उपचार आतून ओळखीचा असावा लागतो आणि तिथली माणसंही. रुग्णाची आई चमच्या-चमच्याने पाजत राहील, झोपणार नाही, हे महालनोबिस यांना कुठल्या अहवालात वाचायला लागलं नसेल. 1973 मध्ये लेख छापून आला, तोही सहजासहजी नाही, आधी नकार पचवून. शिस्तबद्ध चाचणीची सवय झालेल्या परीक्षकांना छावणीतली आकडेवारी पचली नाही. जागतिक आरोग्य संघटनेतले धीमान बरुआ बनगावला जाऊन डोळ्यांनी पाहून आले होते आणि संघटनेत त्यांनी हा उपचार लावून धरला. डोळ्यांनी पाहून येणं हीदेखील एक परदेशवारीच, फक्त तिच्यासाठी अर्ज मागवत नाहीत.

बांगलादेशात तिसरा टप्पा 1980 मध्ये सुरू झाला. ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन आयांना चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ वापरून द्रावण करायला शिकवू लागल्या. दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. कार्यकर्तीचा मोबदला तिने किती घरं केली यावर नव्हता. नंतर तपासनीस जाऊन आईला प्रश्न विचारत, आणि तिच्या किती लक्षात राहिलंय त्यावर पैसे ठरत. मोजण्याची तीच सवय, बादली तेवढी बदलली. एखाद्या प्रशिक्षण योजनेने स्वतःचं मूल्यमापन असं करून दाखवावं, म्हणजे किती विद्यार्थी परदेशी गेले हे न मोजता यजमान संस्थेकडे काय उरलं हे मोजावं. मी आजवर फार थोड्या अहवालांत तो रकाना पाहिलाय.

ढाक्याच्या प्रयोगशाळेचं पुढे काय झालं, हे प्रकरणाच्या नोंदीसाठी सांगायला हवं. नव्या देशात 1978 मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रात रूपांतर झालं. पहिले संचालक विल्यम ग्रीनो हे साठच्या दशकात तिथेच काम केलेले. रिचर्ड कॅश हार्वर्डमध्ये शिकवत राहिले, पण ढाक्याला येत राहिले. 2004 मध्ये ब्रॅक विद्यापीठाचं सार्वजनिक आरोग्य महाविद्यालय सुरू झालं, तिथेही त्यांनी अनेक वर्षं शिकवलं. आंतरराष्ट्रीय संशोधनातल्या नैतिक पेचांची प्रकरणं एकत्र करून जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये एक संग्रह काढला, त्याच्या संपादकांत ते होते. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले. प्राध्यापकांसाठी परदेशी संधी म्हणजे वर्षभराची रजा आणि एक शोधनिबंध, अशी आपली समजूत असेल तर कॅश यांचं वेळापत्रक तिच्यात बसत नाही. एकाच गावाला जवळपास साठ वर्षं परत परत जाणं याला काय म्हणायचं?

चर्चेसाठी मी शेवटी दोन गोष्टी वर्गापुढे ठेवतो. एक, 1968 ची चाचणी आजच्या नैतिकता समितीपुढे ठेवली तर काय होईल? फिलिपिन्समधले पाच मृत्यू समितीला सांगावे लागतील. शॉकमधल्या रुग्णाची संमती कोण, कधी आणि कुठल्या भाषेत घेणार, हे लिहावं लागेल. दोन्ही देशांच्या समित्यांची मान्यता लागेल आणि तेवढ्यात वसंतातली लाट निघून जाईल. वर्गात यावर दोन तट पडतात आणि पडू द्यावेत.

दुसरी गोष्ट एका माहितीपत्रकाची. जागतिक आरोग्य संघटनेत ठाण असलेला उष्णकटिबंधीय रोगांच्या संशोधनाचा विशेष कार्यक्रम कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या मोजक्या विद्यापीठांत अंमलबजावणी-संशोधनासाठी शिष्यवृत्त्या देतो. त्या विद्यापीठांच्या यादीत ढाक्याचं ब्रॅक विद्यापीठही आहे. म्हणजे 1967 मध्ये ज्या शहरात अमेरिकेतून तरुण डॉक्टर येत, तिथे आता शेजारच्या देशांतले विद्यार्थी शिकायला येतात, तिथल्याच प्राध्यापकांच्या हाताखाली. हे पत्रक वर्गात फिरवल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘पण सर, ही परदेशी संधी धरायची का?’